सर्व्हरांच्या वर्गातला मॉनिटर

काय दोस्तांनो, मॉनिटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? संगणकाचा पडदा? की बाई वर्गाबाहेर गेल्या रे गेल्या की खडू घेऊन फळ्याकडे धावणारा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा तो (किंवा ती)? दुसरं उत्तर देणाऱ्यांनी एक टाळी वाजवा. कारण आज आपण त्याच मॉनिटरच्या एका चुलतभावाची ओळख करून घेणार आहोत.

हा भाऊ शाळेत जात नाही. तो राहतो इंटरनेटवर. त्याच्या वर्गात मुलं नसतात, सर्व्हर असतात, म्हणजे आपल्याला वेबसाइट दाखवणारे, खेळ चालवणारे, निरोप पोचवणारे मोठाले संगणक. या मॉनिटरचं काम एकच. दर थोड्या वेळाने प्रत्येकाला विचारायचं, "काय रे, बरा आहेस ना? काम करतोयस ना?" उत्तर आलं तर त्याचं नाव पाटीवर राहतं. उत्तर आलं नाही तर पुसलं जातं. आहे की नाही गंमत? आपल्या वर्गात बोलणाऱ्याचं नाव फळ्यावर चढतं, याच्या वर्गात गप्प बसणाऱ्याचं नाव फळ्यावरून उतरतं!

याला म्हणतात हेल्थ मॉनिटर, म्हणजेच तब्येत बघणारा. काम ऐकायला अगदी सोपं वाटतं ना? पण याच कामातल्या गोंधळामुळे जगभरची कोट्यवधी माणसं तासन् तास खोळंबून बसली आहेत. अशा दोन खऱ्या गोष्टी मी तुम्हांला सांगणार आहे. पण त्या समजायला आधी थोडी तयारी हवी. चला तर मग!

नावावरून नंबर

तुम्ही मोबाइलवर आजीला फोन लावता तेव्हा 'आजी' हे नाव शोधता. फोन मात्र लागतो दहा आकडी नंबरावर. नाव आपल्यासाठी, नंबर यंत्रासाठी. इंटरनेटवरही अगदी हेच चालतं. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण संगणकाला हवा असतो आकड्यांचा पत्ता. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यात चार आकडे असतात, मधे टिंबं, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला. हे पत्ते पुरेनासे झाले म्हणून आता नव्या पद्धतीचे लांबलचक पत्तेही वापरात आहेत.

मग नावावरून आकडा सांगतं कोण? त्या यंत्रणेचं नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस.

ही यंत्रणा पहिल्यापासून नव्हती बरं का! इंटरनेटचा आजोबा म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. त्यावर सुरुवातीला संगणक इतके थोडे होते, की सगळ्यांची नावं आणि पत्ते एकाच यादीत मावत. ही यादी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, मग ते यादीत नाव घालणार आणि इतरांनी ती नवी यादी उतरवून घ्यायची. पुढे संगणक भराभर वाढले आणि एका यादीचं काम आवाक्याबाहेर जायला लागलं. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी एक छान युक्ती काढली. सगळी यादी एकाकडे ठेवायचीच कशाला? कामाची वाटणी करू या! सर्वांत वरच्याला फक्त एवढंच ठाऊक असावं, की '.इन'वाले कुठे भेटतील आणि '.कॉम'वाले कुठे. '.इन'वाल्याला त्याच्या खालच्यांची माहिती असावी आणि त्या खालच्यांना आपापल्या घरची.

गावात नवखा पाहुणा असाच तर विचारत विचारत जातो! एस. टी. स्टँडवर कुणीतरी आळी दाखवतं, आळीतला वाणी वाडा दाखवतो आणि वाड्यातल्या काकू जिना दाखवतात.

आणखी एक गंमत. २०१४ सालापासून '.भारत' अशी देवनागरी शेपूट असलेली नावंही घेता येतात. पण डीएनएसला मुळात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालवायची सवय. म्हणून आपलं 'भारत' आतल्या आत 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या एका इंग्रजी अक्षरांच्या जुडीत बदललं जातं. आपल्याला दिसतं मराठी, आत धावतं सांकेतिक!

आता एक शब्द नीट लक्षात ठेवा : टीटीएल, म्हणजे टाइम टू लिव्ह. डीएनएसने सांगितलेला पत्ता प्रत्येक वेळी नव्याने विचारायला नको म्हणून मधल्या यंत्रणा तो लिहून ठेवतात. पण त्या चिठ्ठीवर मुदत असते, दुधाच्या पिशवीवर तारीख असते ना, तशीच. ३० सेकंद, ५ मिनिटं, एक दिवस... पत्ता सांगणारा ठरवील तेवढी. मुदत संपली की चिठ्ठी फाडायची आणि पुन्हा विचारायचं. या मुदतीचं काम पुढे पडणार आहे.

पंगतीतले वाढपी

समजा, दहावीचा निकाल लागलाय. आपल्या राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं या परीक्षेला बसतात. ठरलेल्या वेळी सगळ्यांची बोटं एकदम बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाइप करू लागतात. ताई, दादा, मामा, शेजारचे काका, सगळेच! एकट्या सर्व्हरच्या डोक्यावर एवढं ओझं टाकलं तर तो बिचारा मान टाकणारच.

लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी असला तर काय होईल? पहिल्या पानाला जिलबी आणि शेवटच्या पानाला नुसती वाट. म्हणून वाढपी पाच-सहा असतात आणि एक अनुभवी माणूस उभा राहून सांगत असतो, "तू त्या ओळीला जा, तू या ओळीला ये." इंटरनेटवर हे काम करणाऱ्याला म्हणतात लोड बॅलन्सर, म्हणजे भार वाटणारा. एकाच नावामागे तो तीन, दहा, शंभर सर्व्हर उभे करतो. त्या घोळक्याला पूल म्हणतात. काही लोड बॅलन्सर हे काम डीएनएसमधूनच करतात. एकाने पत्ता विचारला की पहिल्या सर्व्हरचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने विचारला की दुसऱ्याचा.

झकास! पण यातला एक वाढपी भोवळ येऊन बसला तर? सांगणाऱ्याला ते कळलंच नाही तर तो त्या ओळीला "येतोय हं वाढायला" असंच सांगत राहणार आणि त्या ओळीतली माणसं उपाशी. तीन सर्व्हरांपैकी एक बंद पडला आणि भार वाटणाऱ्याला पत्ताच नाही, तर निकाल बघणाऱ्या दर तिघांतल्या एकाला कोरा पडदा दिसणार. त्या मुलाला काय वाटेल, कल्पना करा. "माझाच निकाल का दिसत नाही? माझा नंबरच नाही की काय?" दोष सर्व्हरचा आणि पोटात गोळा मुलाच्या!

म्हणून हवा मॉनिटर.

नुसतं 'हजर' म्हणून भागत नाही

हजेरी घ्यायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. सोप्यापासून सुरुवात करू.

पहिली तऱ्हा पिंग. नुसती हाक मारायची आणि 'ओ' आली की खूश व्हायचं. पिंग हा छोटासा प्रोग्राम अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुडीचं सोनार यंत्र 'पिंग' असा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, त्यावरून हे नाव.

पण वर्गात 'हजर' म्हणणारा प्रत्येक जण जागा असतोच असं नाही. मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपणारे वीर सगळ्याच शाळांत असतात! सर्व्हरचंही असंच होतं. यंत्र चालू, पिंगला उत्तर देतंय, पण निकाल दाखवणारा प्रोग्राम मात्र आडवा झालेला.

म्हणून दुसरी तऱ्हा. दार वाजवायचं आणि ते उघडतंय का बघायचं. ही टीसीपी तपासणी.

तिसरी तऱ्हा त्याहून चांगली. आत जाऊन एक खरं पान मागायचं. सर्व्हर पानासोबत एक तीन आकडी खूणही पाठवतो. २०० म्हणजे 'सारं ठीक'. ४०४ तुम्ही पाहिलेला असेल, 'असं पान इथे नाही'. ५०३ म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या'. मॉनिटरला सांगून ठेवायचं, की २०० आला तरच पास.

आणि चौथी तऱ्हा खास डीएनएसच्या सर्व्हरांसाठी. कारण पत्ते सांगणारे हे सर्व्हरही आजारी पडतातच की! यांना हाक मारून काय उपयोग? यांची तोंडी परीक्षाच घ्यायला हवी. मॉनिटर त्यांच्या ५३ क्रमांकाच्या दारावर जातो (डीएनएसचं दार ठरलेलं आहे, पोर्ट ५३) आणि एखाद्या ठरावीक नावाचा पत्ता विचारतो. उत्तर मॉनिटरला आधीच माहीत असतं, पेपर तपासणाऱ्या बाईंना असतं तसं. बरोबर उत्तर आलं तर पास. उत्तरासोबत इथेही एक खूण येते. ० म्हणजे ठीक, २ म्हणजे 'माझं काहीतरी बिघडलंय', ३ म्हणजे 'या नावाचं कुणी नाहीच'. नाव खरोखर असूनही ३ आला, की समजावं, गुरुजी जागे आहेत पण वही हरवली आहे.

(आई-बाबांनो, जाता जाता तुमच्यासाठीही एक. "अभ्यास झाला का?" "हो." हे झालं पिंग. "बरं, आज शिकलेलं एक गणित मला समजावून सांग पाहू," ही झाली खरी तपासणी. मुलांनो, यासाठी माझ्यावर रागावू नका हं!)

खिडकीवरचा अर्ज

आता हा मॉनिटर कामाला लावायचा कसा? त्याच्यापुढे बसून सूचना द्यायच्या? नाही. त्यासाठी असतो एपीआय.

बँकेत पैसे काढायला जाता तेव्हा तुम्ही तिजोरीपर्यंत जात नाही. खिडकीपाशी जाता, छापील स्लिप भरता, सही करता. रकाने ठरलेले. आतल्या माणसाने काय करायचं तेही ठरलेलं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामसाठी उघडलेली अशीच खिडकी. अमेरिकेतल्या क्लाउडफ्लेअर या कंपनीची डीएनएसवर चालणारी भार वाटण्याची सेवा आहे. तिच्या खिडकीवर द्यायचा अर्ज साधारण असा असतो. खरे रकाने इंग्रजी शब्दांत असतात, मी तुमच्यासाठी मराठीत मांडतो.

तपासणीचा प्रकार : एचटीटीपीएस
कोणतं पान मागायचं : /तब्येत
दर किती सेकंदांनी : ६०
उत्तराची वाट किती सेकंद बघायची : ५
उत्तर नाही आलं तर आणखी किती वेळा विचारायचं : २
कोणती खूण अपेक्षित : २००

यातले ६०, ५ आणि २ हे आकडे आपण रकाने कोरे सोडले तर कंपनी स्वतःच धरते ते आहेत. हा अर्ज जेसॉन नावाच्या एका सुटसुटीत पद्धतीने लिहितात आणि सोबत हुकूम देतात. 'पोस्ट' म्हणजे नवा मॉनिटर तयार कर. 'गेट' म्हणजे आहे तो दाखव. 'पॅच' म्हणजे यातलं एवढंच बदल. 'डिलीट' म्हणजे काय, ते सांगायला नकोच!

अर्जाबरोबर गुप्त किल्लीही लागते. तिला टोकन म्हणतात. ती नसली तर खिडकीतून ४०१ परत येतो, 'तुम्ही कोण?' किल्ली आहे पण या कामाची नाही, तर ४०३, 'हे तुमचं काम नव्हे'. अर्ज चुकीचा भरला तर ४००. सगळं ठीक असेल तर 'झालं' असं उत्तर येतं आणि मॉनिटरचा एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो.

थांबा, उड्या मारू नका! काम अजून अर्धंच झालंय. मॉनिटर नेमला, पण त्याला वर्ग कुठे दिलाय? तो ओळख क्रमांक पूलच्या अर्जातल्या रकान्यात लिहायचा. तेव्हा कुठे तो हजेरी घ्यायला लागतो. आणि मग पुन्हा एकदा 'गेट' करून बघायचं, की सर्व्हर खरंच 'ठीक' दिसताहेत ना.

कुणी विचारील, एवढा अर्जांचा खटाटोप कशाला? पडद्यावर बटणं दाबून नाही का होणार? होतं की! पण पन्नास मॉनिटर बसवायचे तर हाताने करताना एखादा आकडा चुकणारच. अर्ज एकदा लिहून ठेवला की दुसऱ्याला तपासायला देता येतो आणि रात्री तीन वाजताही तो अगदी तसाच पुन्हा देता येतो. एक मात्र विसरू नका. बरोबर अर्ज जितक्या झटपट पन्नास ठिकाणी पोचतो, तितक्याच झटपट चुकीचा अर्जही पोचतो!

चला, गणित करू

वह्या काढा! वरच्या अर्जाप्रमाणे मॉनिटर दर ६० सेकंदांनी येतो. समजा, तो 'ठीक आहे' म्हणून वळला आणि पुढच्याच क्षणी सर्व्हर बंद पडला. बिघाड कळायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल?

पुढच्या फेरीपर्यंत ६० सेकंद. मग पहिला प्रश्न आणि ५ सेकंद वाट. लगेच दुसरा प्रश्न, ५ सेकंद. लगेच तिसरा, ५ सेकंद. म्हणजे ६० + १५ = ७५ सेकंद. आता नाव पाटीवरून पुसलं. संपलं?

नाही! ती चिठ्ठी आठवते का, मुदतवाली? ज्यांनी अगदी आत्ता जुना पत्ता लिहून घेतलाय, ते मुदत संपेपर्यंत तिकडेच जाणार. टीटीएल ३० सेकंद असेल तर एकूण ७५ + ३० = १०५ सेकंद. म्हणजे पावणेदोन मिनिटं.

आणि कुणी टीटीएल एक तास ठेवला असेल तर? ७५ + ३६०० = ३६७५ सेकंद! मॉनिटर कितीही चपळ असू द्या, चिठ्ठीची मुदत लांब असली तर लोक तासभर बंद दारावरच धडका देणार. म्हणून हे दोन आकडे नेहमी जोडीने ठरवावे लागतात.

"मग दर सेकंदाला तपासायचं आणि एकदा उत्तर नाही आलं की काढून टाकायचं!" असं म्हणणारे घाईगर्दीवाले तुमच्यातही असतीलच. पण बघा हं, एखाद्याला शिंक आली म्हणून क्षणभर 'हजर' म्हणता आलं नाही, तर त्याला लगेच गैरहजर मांडणार का? सर्व्हरही कधी कधी शिंकतात. घाई केली तर नाव सारखं पुसलं जातं, पुन्हा लिहिलं जातं, पुन्हा पुसलं जातं. याला फडफडणं म्हणतात. आणि एक चांगला सर्व्हर उगाच काढला की त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर पडतं. मग तेही वाकायला लागतात. शिवाय दर सेकंदाची हजेरी घेण्यातच वर्ग दमतो, ते वेगळंच. घाई नको आणि आळसही नको.

पहिली गोष्ट : सगळेच आजारी!

४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजत आले होते. अचानक व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक, तिन्ही एकदम बंद पडले. तुमच्या घरीही कुणीतरी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करून पाहिला असेल!

झालं होतं असं. फेसबुकच्या जगभरच्या डेटा सेंटरना (म्हणजे सर्व्हरांच्या मोठमोठ्या इमारतींना) जोडणारं कंपनीचं स्वतःचं जाळं आहे. त्याच्या नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका हुकमामुळे ते अख्खं जाळंच तुटलं. असे धोक्याचे हुकूम अडवण्यासाठी एक तपासनीस प्रोग्राम होता, पण त्याच्यातच दोष असल्याने त्याने ते अडवलं नाही.

आता पुढची गंमत बघा. फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरांना शिकवलेलं होतं, की डेटा सेंटरशी तुमचं बोलणं होत नसेल तर स्वतःला आजारी समजा आणि इंटरनेटला सांगा, 'माझ्याकडे येऊ नका'. एरवी हा नियम शहाणपणाचाच. एखाद्या ठिकाणची तार तुटली तर तिथला सर्व्हर बाजूला होतो आणि बाकीचे काम करतात. पण त्या दिवशी तार सगळ्यांचीच तुटली होती. मग सगळ्यांनीच एकदम आपापली पाटी उतरवली! सर्व्हर धडधाकट चालू होते, पण त्यांच्याकडे जायची वाटच कुणाला ठाऊक राहिली नाही. कंपनीच्या इंजिनिअरांची आतली साधनंही त्याच वाटेवर अवलंबून होती. त्यामुळे त्यांना लांबून दुरुस्ती करता येईना. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली आणि तिथली सुरक्षा इतकी कडक, की आत शिरण्यातही वेळ गेला. सगळं सुरू व्हायला सहा तासांच्या आसपास लागले. ज्यांचं दुकान व्हॉट्सॲपवरच चालतं, त्यांचा तेवढा धंदा गेला तो गेलाच.

वर्गातली एक-दोन मुलं तापाने फणफणली तर मुलं आजारी आहेत. पण थर्मामीटर लावल्यावर अख्खा वर्ग एकाच मिनिटाला १०५ दाखवू लागला तर? आधी थर्मामीटर झटकून बघायचा ना! म्हणूनच ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत असा नियम आहे, की गटातले सगळेच आजारी दिसले तर सगळेच बरे आहेत असं धरून पत्ते देत राहायचं. नाही तरी गप्प बसून काय मिळणार? या सेवेचं नाव ५३ का, ते तुम्ही आता ओळखलंच असेल!

दुसरी गोष्ट : फडफडणारी हजेरी

२० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळीचे दिवस. आपल्याकडे दुपारी बाराच्या पुढे स्नॅपचॅट, रोब्लॉक्स, ड्युओलिंगो अशा कितीतरी गोष्टी अडखळू लागल्या. त्या सगळ्यांचे सर्व्हर ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या केंद्रांवर होते. तिथे डायनॅमोडीबी नावाच्या माहितीच्या कोठाराची डीएनएस पाटी लिहिणारे प्रोग्राम एकाहून जास्त होते. त्यातला एक रेंगाळला आणि जुनी यादी घेऊन उशिरा आला. दुसरा जुन्या याद्या साफ करत होता. दोघांची वेळ अशी काही जुळली, की पाटी चक्क कोरी झाली! कोठार शाबूत, पण त्याचा पत्ताच नाही.

पाटी सुमारे अडीच तासांत पुन्हा लिहिली गेली. पण त्या गोंधळात तिथली इतर कामं तुंबली होती. नव्याने सुरू केलेल्या सर्व्हरांना जाळ्याची जोडणी मिळायला उशीर होऊ लागला. आणि भार वाटणाऱ्याचा मॉनिटर मात्र आपला वेळेवर हजेरी घ्यायला हजर! जोडणी नाही, म्हणून उत्तर नाही, म्हणून नाव पुसलं. जरा वेळाने उत्तर आलं, नाव लिहिलं. पुन्हा पुसलं. चांगले सर्व्हरही पाटीवरून खालीवर होऊ लागले. शेवटी इंजिनिअरांनी काय केलं असेल? आपोआप नावं काढणं काही काळ बंदच केलं. जणू बाई म्हणाल्या, "मॉनिटर, खडू खाली ठेव आणि जागेवर बैस. आता मी बघते."

दोन्ही गोष्टींत मॉनिटर वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं तेच तो करत होता. पण 'उत्तर आलं नाही' याचा अर्थ 'तो आजारी आहे' असाच होतो असं नाही. कधी कधी मधली वाट बंद असते. हे ओळखायला मॉनिटर बसवणाऱ्याने आधीच विचार करावा लागतो, एकाच जागेवरून न बघता चार ठिकाणांहून बघावं लागतं आणि खडू काढून घ्यायची सोयही ठेवावी लागते.

करून बघा

घरी संगणक असेल तर आई-बाबांना सोबत घ्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत सलग एन-एस-लुकअप टाइप करा. मग एक जागा सोडून एखाद्या वेबसाइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. त्या नावामागचे आकडी पत्ते दिसतील. काही नावांमागे एकाहून जास्त पत्ते सापडतील. आता ते का, हे तुम्ही घरच्यांना समजावून सांगू शकाल!

आणि हे डोक्याला खाद्य. निकालाच्या दिवशी एका मिनिटात १२,००० मुलं येतात. एक सर्व्हर मिनिटाला जास्तीत जास्त ५,००० जणांना निकाल दाखवू शकतो. कमीत कमी किती सर्व्हर ठेवावेत, म्हणजे मॉनिटरने त्यातला कुठलाही एक काढला तरी कुणाचा निकाल अडणार नाही? तीन असं पटकन म्हणालात तर जरा थांबा. एक काढल्यावर उरलेल्या प्रत्येकावर किती मुलं येतात, ते मोजा.

उत्तर खाली दिलंय. पण आधी वहीत सोडवा, मगच बघा. लबाडी नाही चालायची! भेटू पुढच्या आठवड्यात.

(उत्तर : चार. तीनच ठेवले तर एक गेल्यावर दोघांवर प्रत्येकी ६,००० येतील आणि तेही बसतील. चार ठेवले तर एक गेल्यावर तिघांवर प्रत्येकी ४,००० येतात आणि सगळ्यांचा निकाल दिसतो.)